दवाखान्याची खतावणी

(समितीच्या आश्रयदात्यांच्या सभेत झालेले भाषण)



दुष्काळी गावांतील आपल्या दवाखान्यांत रोगी किती आले व औषध किती वाटले, हे आकडे आपण दरसाल वाचता. त्या अहवालांवर मीही आजवर समाधानाने सही करीत आलो. परंतु औषध घेऊन गेलेल्या रोग्याचे पुढे काय झाले, याविषयी त्यांत चकार शब्द नसतो. कोर्टात साक्षीदार किती आले यावर निकाल होत नाही. त्यांनी काय शाबीत केले यावर होतो. गिऱ्हाइकांची गर्दी नफ्याच्या खाती मांडणारा मुनीमही आपण पेढीवर ठेवणार नाही.

अशी मोजदाद खेड्यांत होऊ शकते काय? होऊ शकते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून ३९ गावे सेवेसाठी व ४७ गावे तुलनेसाठी घेतली आणि प्रथम दोहोंकडील जन्ममृत्यू नोंदले. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे ६० पहिल्या महिन्यातच दगावत होती. नंतर गावच्याच स्त्रियांस शिकवून, घरी जाऊन बाळाचे वजन घेणे, ऊब राखणे, जंतुदोष ओळखून औषध देणे, ही कामे त्यांजकडे सोपविली. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत हे प्रमाण हजारी २५.५ वर उतरले. तुलनेच्या गावांत ते ५९.६ होते. १९९९ साली हा हिशेब 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. तुलनेची गावे नसती, तर हा गुण सेवेचा की चांगल्या पावसापाण्याचा, हे कोणी सांगावे?

ही मोजणी दवाखान्याच्या दारात नव्हे, घरोघर झाली, हे ध्यानी घ्यावे. जे मूल घरीच वारले, त्याचे नाव दवाखान्याच्या वहीत चढतच नाही. दुष्काळात तर लोक पोटासाठी गाव सोडतात, दवाखाना ओस पडतो, आणि वहीत मात्र रोगराई घटलेली दिसते!

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक दवाखान्याच्या देणगीतून एका नोंदणीदाराचा पगार वेगळा काढावा. औषध देणाऱ्याने स्वतःच्या कामाचा दाखला स्वतः देऊ नये. नोंदणीदाराने महिन्याने रोग्याच्या घरी जावे व बरा झाला, तसाच राहिला, वारला अथवा गाव सोडून गेला, हे लिहावे. गावातील प्रत्येक जन्ममृत्यूही टिपावा. आकडे छापावेत, रोग्यांची नावे छापू नयेत.

शेवटी एक आर्जव. पहिल्या वर्षी हे आकडे आपणांस सुखावणार नाहीत. तेवढ्यावरून हात आखडता घेऊ नका. वाईट आकड्याची शिक्षा देणगी बंद होणे ही असेल, तर पुढील साली आकडा चांगला येईल, पण मुले मरतच राहतील. तोटा लपविणाऱ्या मुनिमापेक्षा तो दाखविणारा आपण पसंत करता. दवाखान्यासही तोच न्याय लावावा, एवढे विनवून मी आपली रजा घेतो.