डेनिस लॉ : धंदा आणि जिव्हाळा



वसंत ऋतूतील या सायंकाळच्या सभांना वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत कोणताही विषय वर्ज्य नसतो. तरीही फुटबॉल खेळून पोट भरणाऱ्या एका स्कॉटिश गड्याचे चरित्र सांगण्यास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. क्रिकेटविषयी बोलावयाचे असते तर प्रत्येक श्रोत्याने आम्हांला दुरुस्त केले असते. फुटबॉलच्या बाबतीत ती भीती थोडी कमी आहे. परंतु आमचा विषय खेळाचे नियम हा नाही. ज्या संस्थेवर माणसाने जीव लावला, तिच्याच विरुद्ध उभे राहण्याची पाळी पोटाच्या धंद्याने आणली, तर त्याने काय करावे, हा आमचा प्रश्न आहे. डेनिस लॉ या माणसाला तो प्रश्न भर मैदानात हजारो लोकांसमक्ष सोडवावा लागला.

लॉचा जन्म स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ॲबर्डीन या बंदराच्या शहरी, २४ फेब्रुवारी १९४० रोजी झाला. बाप समुद्रावर मासेमारीला जाणारा. घरात सात भावंडे, त्यांत हा शेंडेफळ. त्यात पोराचा एक डोळा तिरळा. तो डोळा मिटून घेऊन दुसऱ्याने चेंडूचा नेम धरण्याची सवय त्याने लावून घेतली होती. अशा अवस्थेत १९५५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो इंग्लंडातील हडर्सफील्ड टाऊन या क्लबात दाखल झाला. अंगावर मांस नाही, नाकावर चष्मा. हा पोरगा काय फुटबॉल खेळणार, असे पाहणाऱ्याला वाटावे. पुढे त्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तिरळेपणा गेला. डिसेंबर १९५६ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो क्लबाच्या मुख्य संघातून खेळला आणि अठराव्या वर्षी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात गेला.

यानंतर त्याच्या आयुष्यात खरेदी-विक्री सुरू झाली. हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. मार्च १९६० मध्ये मँचेस्टर सिटी या क्लबाने त्याला ५५,००० पौंडांना विकत घेतले. एवढी किंमत ब्रिटिश क्लबांच्या आपसांतील व्यवहारात तोवर कोणी मोजली नव्हती. आता दुसरा आकडा ऐका. त्या वेळी इंग्लंडात खेळाडूच्या पगाराला कायमची मर्यादा घातलेली होती : आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड. म्हणजे ज्या माणसाची किंमत ५५,००० पौंड ठरली, त्याला तेवढी रक्कम पगारातून मिळवावयाला पन्नासांहून अधिक वर्षे लागली असती! किंमत गड्याची, पण ती जाणार एका क्लबाच्या तिजोरीतून दुसऱ्या क्लबाच्या तिजोरीत. ही मर्यादा खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी करून १९६१ च्या जानेवारीत उठवून घेतली.

त्याच जानेवारीची २८ तारीख. एफ. ए. चषकासाठी ल्यूटनच्या मैदानावर सिटीचा सामना होता. ल्यूटनने आधी दोन गोल केले. मग लॉ उठला आणि एकामागून एक त्याने सहा गोल केले. एका सामन्यात एका गड्याचे सहा गोल! परंतु पावसाने मैदानाची दलदल झाली होती. एकोणसत्तराव्या मिनिटाला पंचांनी सामना थांबविला आणि नियमाप्रमाणे तो झालाच नाही असे ठरले. काही दिवसांनी तो पुन्हा खेळविला, तेव्हा सिटी तीन विरुद्ध एक अशी हरली. सिटीचा तो एकुलता एक गोलही लॉचाच होता. आदले सहा गोल मात्र त्याच्या हिशेबात कधीच धरले गेले नाहीत. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात असू द्या; शेवटी आम्हांला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

त्याच वर्षी इटलीतील तोरीनो क्लबाने १,१०,००० पौंड मोजून लॉला नेले. तेथे पैसा होता, पण मन रमेना. गोल करण्यापेक्षा गोल होऊ न देण्यावर तेथील खेळाचा भर. एका मोटार-अपघातातून तो थोडक्यात वाचला. १९६२ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने १,१५,००० पौंड देऊन त्याला परत आणले.

येथे त्याला घर मिळाले. १९५८ साली म्युनिकच्या विमान-अपघातात या क्लबाचे आठ खेळाडू मृत्युमुखी पडले होते, आणि व्यवस्थापक मॅट बस्बी मरणाच्या दारातून परत येऊन नवा संघ उभारीत होते. बस्बी स्वतः स्कॉटलंडचेच. लॉने १९६३ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात गोल केला. क्लबाने चषक जिंकला. १९६३-६४ च्या हंगामात त्याने ४६ गोल केले. १९६४ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. दुसऱ्या कोणाही स्कॉटिश गड्याला तो आजवर मिळालेला नाही. १९६५ आणि १९६७ साली युनायटेडने साखळी स्पर्धा जिंकली. गोल झाला की सदऱ्याच्या बाहीचा काठ मुठीत धरून तो एक हात उंच करी, आणि प्रेक्षक त्याला ‘राजा’ म्हणत. त्या हाताची आठवण ठेवा.

राजा असला तरी तो पगारी होता. १९६६ साली त्याने वाढ मागितली, तेव्हा क्लबाने त्याचे नाव विक्रीच्या यादीत घातले आणि त्याला जाहीर क्षमा मागावी लागली. १९६८ च्या मे महिन्यात युनायटेडने युरोपचा चषक जिंकला, तेव्हा हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होता आणि बिछान्यावरून दूरचित्रवाणीवर आपल्याच संघाचा विजय पाहात होता. युनायटेडसाठी त्याने ४०४ सामन्यांत २३७ गोल केले. स्कॉटलंडसाठी ५५ सामन्यांत ३०. त्या ३० ची बरोबरी पुढे केनी डॅल्ग्लिशने केली, पण त्याला १०२ सामने लागले. १९७३ साली युनायटेडने लॉला सोडून दिले, आणि तेहतीस वर्षांचा हा गडी पुन्हा मँचेस्टर सिटीत गेला.

आता २७ एप्रिल १९७४. मैदान युनायटेडचे, ओल्ड ट्रॅफर्ड. सामना सिटीशी. सहाच वर्षांपूर्वी युरोप जिंकणारा युनायटेडचा संघ खालच्या वर्गात घसरण्याच्या काठावर उभा. सामना संपण्यास आठ-नऊ मिनिटे उरली असता फ्रान्सिस लीने चेंडू गोलपुढे दिला. लॉची पाठ गोलकडे होती. त्याने टाचेने चेंडू मागे ढकलला आणि तो जाळ्यात गेला.

सोबती धावत आले, पाठ थोपटू लागले. तो उंचावणारा हात या वेळी वर गेला नाही. मान खाली घालून लॉ उभा राहिला. लगेच त्याला बदलण्यात आले आणि तो बाहेर निघून गेला. प्रेक्षक मैदानात घुसले, पंचांनी सामना थांबविला. मात्र अधिकाऱ्यांनी या वेळी निकाल कायम ठेवला. ल्यूटनचा सामना अपुरा राहिला म्हणून सहा गोल पुसले गेले. हाही सामना अपुराच राहिला, पण पुसला जावा असे ज्याचे त्यालाच वाटले असेल, तो गोल मात्र राहिला. साखळी स्पर्धेतील तो त्याचा शेवटचा सामना. त्या उन्हाळ्यात स्कॉटलंडकडून विश्वचषकाचा एक सामना खेळून त्याने खेळणे सोडले.

लोक म्हणू लागले, लॉने युनायटेडला बुडविले. ते खरे नव्हे. त्याच दिवशी बर्मिंगहॅमचा संघ जिंकला होता. युनायटेडने सामना मारला असता तरी ते खाली गेलेच असते. हा हिशेब लॉलाही ठाऊक होता. तथापि पुढे कित्येक वर्षे त्या गोलाचा विषय निघाला की त्याची खंत दिसे. जिव्हाळा गुणांच्या तक्त्याने शांत होत नाही.

मग त्याने काय करावयास हवे होते? चेंडू सोडून द्यावा? तसे केले असते तर ज्यांचे मीठ तो त्या दिवशी खात होता, त्यांचा विश्वासघात झाला असता. हात उंचावून नाचावे? तर जेथे अकरा वर्षे घालविली, त्या घराचा अपमान झाला असता. त्याने काम चोख केले आणि त्याचा आनंद मानला नाही. आम्हांला वाटते, दोन निष्ठांच्या पेचात प्रामाणिक माणसाला करता येण्यासारखे एवढेच असते. ज्या धंद्यात माणसांना किंमत लावून विकतात, त्या धंद्यातही मन विकले जात नाही, याची ती खाली झुकलेली मान साक्ष आहे.

युनायटेडनेही त्याला परके मानले नाही. २००८ साली ओल्ड ट्रॅफर्डबाहेर बेस्ट, चार्ल्टन आणि लॉ यांचा एकत्र पुतळा उभा राहिला. २०२१ साली ॲबर्डीननेही आपल्या मुलाचा पुतळा उभारला. त्याच वर्षी आपल्याला स्मृतिभ्रंश जडल्याचे त्याने न लपविता जाहीर केले. १७ जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. ओल्ड ट्रॅफर्डबाहेरच्या पुतळ्यात त्याचा हात वर आहे. लोकांना तो तसाच आठवावा हे योग्यच. आम्ही मात्र आज आपल्याला त्याची खाली घातलेली मानही आठवावयास सांगितली.