मागच्या चाकाची कुरकुर



मोटारीच्या मागच्या चाकाचें बेअरिंग हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना नवल वाटलें असेल. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपलीकडे न शिकलेला, निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. परंतु ज्या चुकीमुळें चार जीव संकटांत पडले ती चूक माझी स्वतःची होती. ती दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षां मींच सांगावी हें बरें.

माझ्यापाशीं 1978 सालची एक पद्मिनी मोटार आहे. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीनें इटलीच्या फियाट 1100 डी या गाडीवरून ती कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार केली. पद्मिनी हें नांव तिला 1974 सालीं मिळालें, आणि हें शतक उजाडतांना तिचें उत्पादन थांबलें. वालचंदांच्या उद्योगसमूहाचा एक कारखाना आमच्या सातारारोडला, आणि 1947 सालीं निघालेलें सांगलीचें अभियांत्रिकी महाविद्यालयही पुढें त्यांच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. तेव्हां या दोन्ही जिल्ह्यांतील लोकांना ही गाडी परकी कधीं वाटलीच नाहीं.

आतां बेअरिंग म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. बैलगाडीचें चाक आंसावर घासत फिरतें. वंगण आटलें कीं तें असें कुरकुरतें, कीं गाडीवान झोंपेंतून जागा व्हावा. हें घर्षण टाळण्यासाठीं दोन पोलादी कड्यांच्या मध्यें गोळ्या बसविण्याची युक्ति निघाली. गाडीच्या आंसासाठीं अशा गोळ्यांच्या योजनेचें पेटंट वेल्समधील फिलिप व्हॉन या गृहस्थानें 1794 सालींच घेतलें होतें. पद्मिनीच्या मागच्या चाकांत असेंच एक बेअरिंग असतें. तें आंसावर घट्ट बसवून, तें सरकूं नये म्हणून त्याच्या आंतल्या अंगास एक पोलादी कडें चढविलेलें असतें. मिस्त्री लोक त्याला कॉलर म्हणतात. चाक आंसाच्या टोंकाला जोडलेलें, आणि तो आंस गाडींत राहतो तो या कड्याच्या पकडीवर! कडें निसटलें तर चाक आंसासकट बाहेर येतें, आणि त्या बाजूचा ब्रेकही निकामी होतो.

कांहीं वर्षांपूर्वीं साताऱ्यास हें बेअरिंग एकदां बदलावें लागलें. जुनें कडें काढल्यावर कारागिरानें नव्याची गोष्ट काढली. मी आयुष्यभर खडूचे तुकडे सुद्धां जपून वापरलेला माणूस! "जुनें कडें अखंड आहे, तेंच घाला," असें मीं बजावून सांगितलें, आणि त्यानें तें घातलें. पुढें सहा महिन्यांनीं मागून घरघर येऊं लागली. पहिल्यानें मीं टायरला दोष दिला, मग रस्त्याला. असे दोन महिने गेले.

एका लग्नासाठीं आम्ही सांगलीस निघालों. सुमारें सव्वाशे किलोमीटरांचा रस्ता. माझ्या शेजारीं पत्नी, मागें दोन नातवंडें. कराड सोडल्यावर घरघर वाढली, पेठ नाक्याहून वळल्यावर धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, गाडी रडते आहे." मीं त्याला गप्प केलें. आष्ट्याजवळ मात्र जळक्या तेलाचा वास आला, आणि थांबावेंच लागलें. चाकाच्या मधल्या भागाला हात लावूं म्हटलें तर लाववेना. आंतून तेल ठिबकत होतें.

गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून सांगलीस नेली. तेथील एका वृद्ध मिस्त्रीनें आंस बाहेर काढला. गोळ्यांवर खड्डे पडले होते, आणि कडें आपल्या जागेवरून दोन सुतें, म्हणजे पाव इंच, सरकलें होतें. तें माझ्या हातावर ठेवून तो म्हणाला, "मास्तर, आणखी थोडं सरकलं असतं तर चाक तुमच्या पुढं पळालं असतं. पोरं होती ना गाडीत?" मला उत्तर देववलें नाहीं.

त्याचें काम मीं शेजारीं बसून पाहिलें. पुढच्या चाकांना दगड लावून, नुसत्या जॅकवर विसंबून न राहतां त्यानें गाडीखालीं भक्कम घोडे दिले होते. चाक व ब्रेकचा ड्रम काढून, आंतल्या पट्टीच्या चार चाक्या सोडून आंस झटक्यानें ओढून घेतला. नंतर जेथें बेअरिंग बसतें ती आंसावरची जागा त्यानें बारकाईनें तपासली. ती झिजली असेल तर नवें बेअरिंगही टिकत नाहीं. मग नवें बेअरिंग प्रेसवर चढविलें, तें आंतल्या कड्यावर दाब देऊन. बाहेरच्या कड्यावर दाब दिला किंवा हातोडी मारली तर तो मार गोळ्यांना बसतो, आणि बेअरिंग जन्मतःच अधू होतें. शेवटीं नवी कॉलर, तांबडी होऊं न देतां, तापवून प्रसरण पावतांच आंसावर सरकविली. निवल्यावर आकुंचन पावून तिनें पोलाद गच्च धरलें. तेलाचें सीलही त्यानें नवें घातलें, आणि तेलानें भिजलेले ब्रेकचे जोडे बदलले.

पदार्थांच्या प्रसरण-आकुंचनाचा पाठ मीं वर्गांत किती वेळां शिकविला होता, श्रोतेहो! एकदां ताणलें गेलेलें कडें दुसऱ्यानें तशीच पकड घेईलच असें नाहीं, हें मात्र मला त्या दिवशीं शिकावें लागलें.

आपल्या घरीं जुनी गाडी असेल तर इतकें करावें. रिकाम्या व सपाट रस्त्यावर वेग घेऊन गिअर न्यूट्रल करावा. इंजिन मंद झालें तरी घरघर वेगाबरोबर चालूच राहिली, तर दोष चाकाकडचा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलतांच आवाज बदलला तर बहुधा टायर. वळणावर कमीजास्त झाला तर बेअरिंगचा संशय धरावा. मग गाडी नीट आधारावर उचलून, हँडब्रेक सोडून, चाक हातानें फिरवावें आणि दुसरा हात कमानीवर ठेवावा. खरखर लागली, किंवा चाक वरखालीं धरून हलवितांना ढिलें वाटलें, तर त्या गाडीनें प्रवासास निघूं नये. आणि मिस्त्रीनें नवी कॉलर मागितली तर घासाघीस करूं नये.

तें जुनें कडें मीं टाकलेलें नाहीं. नातवानें एकदां विचारलें, तेव्हां त्याला सर्व हकीकत सांगितली, आणि त्या दिवशीं त्याला गप्प केल्याबद्दल त्याची क्षमाही मागितली.