वसतिगृहाबाहेरचे विद्यार्थी

(वार्षिक संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा ‘विद्यार्थ्यांपुढील प्रश्न’ असा भला मोठा विषय नेमून दिला होता. एवढ्या विषयावर बोलावयाचे म्हणजे कशावरच न बोलण्यासारखे आहे. यास्तव आम्ही त्यातील एकच, आणि कित्येकांस क्षुल्लक वाटेल असा, भाग निवडला आहे. ज्या मुलामुलींना वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांनी पुण्यासारख्या शहरात राहावे कोठे, आणि त्यांना जागा देणाऱ्या आपण मंडळींनी त्यांच्याशी वागावे कसे, एवढाच तो भाग होय. ‘आपण मंडळींनी’ असे मुद्दाम म्हणतो; कारण ज्यांची एखादी तरी खोली विद्यार्थ्यांस भाड्याने दिलेली आहे असे गृहस्थ या मंडपात थोडेथोडके नाहीत, आणि त्यांत आम्हीही आहोत.

परगावच्या विद्यार्थ्याच्या निवाऱ्याची चिंता महाराष्ट्राने पूर्वी केली नाही असे कोणी म्हणणार नाही. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघाले आणि त्यामागून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारे वसतिगृह चालविले. १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली. आपल्या ज्ञातीचे वसतिगृहही याच परंपरेतले. तथापि दरवर्षी आपल्याकडे जागांच्या कितीतरी पटीने अर्ज येतात हे चिटणीसांच्या अहवालात आपण सकाळीच ऐकले. ज्यांची नावे यादीत लागली त्यांचा सत्कार आपण करतो. ज्यांची लागत नाहीत ती मुले कोठे जातात, याची चौकशी मात्र आजवर कोणत्याही अहवालात आमच्या पाहण्यात आलेली नाही.

आम्ही त्या दुसऱ्या यादीतले. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या जून महिन्यात एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आम्ही माणदेशातून पुण्यास आलो. महाविद्यालयात नाव लागले, वसतिगृहात लागले नाही. दूरच्या नात्यातील एका मामांच्या ओसरीवर आठ दिवस काढले. नवव्या दिवशी मामींनी विचारले, “खोली बघताय ना?” प्रश्न प्रेमाचाच होता, पण त्याचा अर्थ समजण्याइतके शहाणपण आम्हांस त्या वयातही होते.

खोली मिळाली ती नारायण पेठेतील एका वाड्यात, दुसऱ्या चौकात. आठ फूट बाय दहा फूट, वर पत्रा, मोरी सामाईक. तिघांत मिळून भाडे पंचेचाळीस रुपये आणि अनामत तीस रुपये. मालकीणबाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या. त्यांनी आडनाव विचारले, ते ऐकून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “नळ पहाटे चारला येतो.” एवढीच आमची मुलाखत झाली. बाई कडक होत्या. रात्री साडेनऊला दिंडी दरवाजा लागला की लागला. रविवारी रात्री खानावळ बंद असे. त्या दिवशी आम्ही स्टोव्हवर खिचडी करीत असू, आणि रॉकेलचा वास आला की त्या वरून ओरडत. परंतु महिन्याच्या पाच तारखेस भाडे हाती पडले की त्या पेन्सिलीने का होईना, पावती देत असत. तीन वर्षांनी खोली सोडली त्या दिवशी अनामतीतून त्यांनी सव्वा रुपया कापला, आणि ‘खिडकीची काच’ असे पावतीवर लिहून दिले. ती पावती अद्याप आमच्यापाशी आहे. ती का जपून ठेवली याचे कारण पुढे येईल.

मधल्या काळात असे वाडे गेले. नदीकाठच्या पेठांतील पुष्कळ १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरातच गेले होते. उरलेल्यांची भाडी १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली. त्यांत मालकाची डागडुजीसुद्धा निघेना. त्यातच १९७३ च्या दुरुस्तीने, त्या सालच्या १ फेब्रुवारीस परवानगीने राहत असलेल्यांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. ते न्याय्य होते की नव्हते हा वाद निराळा. पण ‘एकदा आत आलेला माणूस निघत नाही’ ही धास्ती घरमालकाच्या मनात घर करून बसली ती बसलीच. खोली रिकामी ठेवीन पण देणार नाही, असे म्हणणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

आज ती धास्ती धरण्याचे कारण उरलेले नाही, हे आपल्या मंडळींस स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आहे. त्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली की परवानाधारकाने जागा सोडलीच पाहिजे. न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. मालकाला याहून अधिक काय हवे? परंतु त्याच कायद्याचे ५५ वे कलम आपण सोयीस्करपणे विसरतो. करार लेखी असला पाहिजे, तो नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे, असे ते कलम सांगते. नोंद न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. शिवाय लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ ही समजूत आपल्यात फार खोल रुजलेली आहे, आणि या राज्यात ती चुकीची आहे. आता तर ही नोंदणी घरबसल्या, आधार क्रमांक व अंगठा यांच्या साह्याने होते. आळसावाचून दुसरी सबब नाही.

आता विद्यार्थ्यांविषयी. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि विद्यार्थी कोथरूड, कर्वेनगर, धनकवडी, कात्रज असा पांगला. खोलीऐवजी तो आता खाट भाड्याने घेतो. यास ‘कॉट बेसिस’ म्हणतात, आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत पाच-सहा खाटा मांडणारे मालकही आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना तीतून साहाय्य मिळते. योजना निघाली तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला साठ हजार रुपये ठरले होते, आणि त्यांपैकी निवासाचे वीस हजार, म्हणजे महिन्यास सुमारे साडेसोळाशे. शासनाने निदान हिशेब मांडला. त्या रकमेत पुण्यात खाट मिळते काय, हे येथे बसलेल्या घरमालकांनीच सांगावे.

मुलामुलींनो, तुम्ही मागे बसला आहात, तरी तुमच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. जागा डोळ्यांनी पाहिल्यावाचून एक रुपयाही पाठवू नका. मोबाईलवर छायाचित्रे दाखवून ‘टोकन’ मागणारा माणूस मालकच असेल असे नाही, आणि ती जागाही त्याची असेल असे नाही. पाहावयास जाल ते संध्याकाळी जा. पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते हे शेजाऱ्यास विचारा. राहावयास गेल्याच्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा, भिंती, नळ, पंखे यांची छायाचित्रे काढून मालकास पाठवून ठेवा. भाडे आणि विशेषतः अनामत बँकेतून द्या. रोख मागितल्यास पावती मागा. दलालास किती द्यावयाचे ते आधी ठरवा.

याहून मोठा घोटाळा होतो तो सोबत्यांमध्ये. चौघे मिळून जागा घेतात, करार एकाच्या नावावर होतो, आणि दिवाळीनंतर एकजण नोकरी लागून निघून जातो. त्याचा वाटा कोणी भरावयाचा? ज्याचे नाव कागदावर असते त्याच्यावर सगळे येते, आणि परीक्षेच्या तोंडावर तो बिचारा पाचवा गडी शोधीत फिरतो. करारात चौघांचीही नावे घाला. आणि जाणाऱ्याने एक महिना आधी सांगावे, बदली माणूस आणावा किंवा त्या महिन्याचा वाटा द्यावा, हे आपसांत लिहून ठेवा. मैत्री आहे म्हणून लिहावयाचे नाही, असे म्हणू नका. दूध, गॅस, झाडूवाली यांची एक वही खोलीत टांगलेली असावी. आमच्या खोलीत ती होती. तीवरून भांडणेही झाली, पण आठ आण्यांची झाली.

हे सर्व सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हे आता सांगावयाचे आहे. ते बोलण्यासाठीच आम्ही उभे राहिलो.

२०१८ साली आपल्या समाजातीलच एका जुन्या स्नेह्यांचा मुलगा आमच्या वरच्या मजल्यावर राहावयास आला. कागद कशाला करावयाचा, घरचाच मुलगा, असे आम्हीच म्हणालो. अनामत तीस हजार घेतली, तीही रोख. मुलगा सालस होता. पुढील वर्षी मे महिन्यात तो निघाला तेव्हा आम्ही अकरा हजार रुपये कापून घेतले. रंगाचे म्हणून सांगितले. वस्तुतः त्या खोलीस सहा वर्षे रंग लागलेला नव्हता; तो आम्हांस काढावयाचाच होता. मुलगा काही बोलला नाही. त्याचे वडील दूरध्वनीवर एवढेच म्हणाले, “तुम्ही म्हणाल ते बरोबर.” त्यानंतर ते या संमेलनास आलेले नाहीत. नारायण पेठेतील ती सव्वा रुपयाची पावती कपाट आवरताना २०२१ साली पुन्हा हाती आली, तेव्हा आम्ही ती रक्कम पत्रासह त्यांस पाठविली. रक्कम पोहोचली. पत्राचे उत्तर आले नाही.

परक्या भाडेकरूशी आम्ही असे वागलो नसतो, कारण त्याच्याशी कागद केला असता. ‘घरचा’ या शब्दाखाली आपण आपल्याच मुलांवर जे लादतो ते तो कोणाजवळ बोलूही शकत नाही. त्याच्या वडिलांना आपल्याशी संबंध ठेवावयाचे असतात.

दुसरी गोष्ट. २०२२ साली आमची पुतणी शिक्षणासाठी मुंबईस गेली. एका ठिकाणी जागा पसंत पडली, भाडे ठरले. मग पूर्ण नाव विचारले गेले, आणि दुसऱ्या दिवशी दलालाने कळविले की मालकांचा विचार बदलला. तिने ते हसत सांगितले. आम्ही संतापलो, नाही नाही ते बोललो. आमच्या सौभाग्यवती ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, आपल्या दारी खोली विचारायला आलेल्या पोराला तुम्ही पहिलं काय विचारता?” आम्हांस उत्तर देता आले नाही. पंधरा वर्षे आम्ही आडनावच विचारीत आलो होतो, आणि काही आडनावांना ‘खोली कालच गेली’ असे सांगत आलो होतो.

यासाठी कार्यकारी मंडळापुढे आम्ही एक सूचना मांडली आहे. सभासदांच्या भाड्याच्या खोल्यांची एक नोंदवही कार्यालयात असावी. तीत भाडे, अनामत, पाण्याची वेळ, करार नोंदलेला आहे किंवा नाही, आणि अनामत परत करण्याची मुदत हे रकाने असावेत. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी हीच मर्यादा सुचविलेली आहे. आणि ही वही कोणत्याही विद्यार्थ्यास पाहावयास मिळावी. या शेवटच्या वाक्यावर मंडळात दोन बैठका झाल्या आहेत. ‘समाजाच्या पैशाने परक्यांची सोय कशाला?’ असा आक्षेप आहे, आणि तो घेणारे आमचे मित्र आहेत. त्यांस आम्ही नारायण पेठेतील मालकीणबाईंची हकीकत सांगितली. त्यांचे समाधान झालेले नाही. विषय उद्याच्या सर्वसाधारण सभेत येईल. तेथे त्यांनी त्यांचे म्हणणे मोकळेपणाने मांडावे, आम्ही मधे बोलणार नाही.

तोवर एक साधी शंभर पानी वही भोजनमंडपाच्या दाराशी मेजावर ठेवली आहे. पहिली नोंद आमची आहे: वरचा मजला, दोन खाटा, पाणी सकाळी सहा ते आठ, मीटर स्वतंत्र, अनामत जागा सोडल्यापासून पंधरा दिवसांत परत, कापल्यास कारण लेखी. पेन दोऱ्याने बांधले आहे. जेवणास जाताना पाहावे.