कळसूबाईची अट

(वार्षिक मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संपादन केले आहे.)

मागच्या डिसेंबरात भातकापणी उरकल्यावर आपल्या गटातल्या एकोणीस जणी चार दिवस अकोले तालुक्याच्या डोंगरात चालायला गेलो होतो. पहिल्या दिवशी बारी गावातून कळसूबाई, दुसऱ्या दिवशी रतनवाडीहून रतनगड, तिसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत आणि चौथ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड. बरोबर गावातला वाटाड्या होता. गडावर मुक्काम केला नाही. रात्री गावाजवळच्या मोकळ्या खाचरात, मालकाला विचारून, तंबू ठोकले.

परत आल्यावर कार्यकारिणीत प्रश्न आला की ही सहल झाली, यात काम कुठे आहे? सल्ला केंद्रावर रोज बायका रांगेत बसलेल्या असताना कार्यकर्त्यांनी डोंगर कशाला चढायचे? प्रश्न रास्त आहे. टाळ्या मिळवून तो उडवून लावायचा नाही, म्हणून आज सविस्तर बोलते.

जाण्याआधीची गोष्ट आधी सांगते. नावे दिली होती सत्तावीस जणींनी, गेलो एकोणीस. गळलेल्या आठ जणींपैकी एकीलाही डोंगराची भीती नव्हती. कुणाच्या सासूबाई आजारी पडल्या, कुणाच्या मुलाची परीक्षा आली. एकीचा नवरा म्हणाला, "जा की, मी कुठं अडवलंय?" आणि चार दिवस घरात बोललाच नाही. ती गेली नाही. ज्या आल्या त्यांनीही चटण्या करून ठेवल्या, दळण आणले, शेजारणीला मुलांचे डबे सांगितले. घरकामगार मैत्रिणींनी चार दिवसांचा खाडा धरला आणि पगारातून पैसे कापले गेले. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण भरपगारी सुट्टी अजून मालकिणीच्या मर्जीवरच आहे. म्हणजे चालायला सुरुवात करण्याआधीच प्रत्येकीने या चार दिवसांची किंमत मोजली होती.

आता पहिल्या दिवसाची चूक सांगते, ती आम्हा आयोजकांची होती. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. वाटेत उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत. दुसऱ्या शिडीपाशी आपली एक अंगणवाडी सेविका ताई डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. पन्नाशीची, रोज चार मैल चालणारी बाई. मला वाटले, उपास असेल. बराच वेळ ती काही सांगेना. शेवटी कानात म्हणाली, "सकाळपासून पाणी प्यायले नाही. प्यायले की लघवीला जावं लागतं, आणि पुढं हा माणूस चाललेला."

मग एकेकीला विचारले. एकोणीसपैकी अकरा जणी पाणी न पिता चढत होत्या! आम्ही तंबू, औषधे, शिधा, सगळ्याची यादी केली होती. कागदाचे कपटे, जमीन उकरायला खुरपे, पाळीचे सामान आणि ते परत नेण्याच्या पिशव्या, हेही घेतले होते. पण वाटेत थांबायचे कुठे, केव्हा आणि तेव्हा वाटाड्याने काय करायचे, हे एका शब्दाने बोललो नव्हतो. मी समाजकार्यात एम. ए. केले आहे, स्वच्छतागृहाच्या प्रश्नावर निवेदने लिहिली आहेत. तरी हे सुचले नाही, कारण मीही कमी पाणी पिऊनच चढत होते आणि ते मला नेहमीचेच वाटत होते.

तिथेच बसून नियम केला. दर तासाला दहा मिनिटे थांबायचे. वाटाड्या दादांनी पुढच्या वळणापलीकडे जाऊन बसायचे आणि हाक आल्याशिवाय मागे यायचे नाही. दादांना हे सांगायला आम्हीच अवघडलो होतो. ते सहज म्हणाले, "आधी सांगायचं ना ताई. आमच्याकडच्या बाया लाकडाला निघाल्या की आम्ही असंच पुढं जातो." दुसरा नियम असा की सर्वांत हळू चालणारीने पुढे राहायचे. मागे राहिलेली बाई धापा टाकत येते आणि ती पोचते तेव्हा पुढच्यांची विश्रांती संपलेली असते. तिला विश्रांती कधी मिळतच नाही. आपल्या बैठकांतही असेच होते, नाही का?

माथ्यावर कळसूबाईचे छोटे देऊळ आहे. नवरात्रात आसपासच्या गावच्या बाया हा डोंगर चढून येतात. तिथे दादांनी तिची कथा सांगितली. कळसू ही कोळ्याची मुलगी. तिला डोंगरात भटकायची आवड. ती इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली, ती अट घालून, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी सगळे करीन. एक दिवस घरच्यांनी तिला भांडी घासायला आणि केर भरायला लावलेच. तिने ते केले, आणि मग निघून डोंगरावर गेली. मरेपर्यंत तिथेच राहिली. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

आपल्याला शाळेत रायगडाच्या हिरकणीची गोष्ट शिकवली जाते. रात्री तान्ह्या बाळासाठी ती कडा उतरली. हिरकणी धाडसी होतीच, पण ती कुणासाठी उतरली म्हणून तिचे कौतुक होते हे बघा. घरच्या कामाला नाही म्हणून चढून गेलेल्या कळसूची आपण ओटी भरतो, तिची अट मात्र मुलींना सांगत नाही. जपानच्या जुन्को ताबेई १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोचल्या, त्या तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्री. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्या तेव्हा त्यांनाही ऐकावे लागले होते की बायकांनी घरी राहून मुले वाढवावीत. देश वेगळा, वाक्य तेच.

ही कथा ऐकून घरकामगार मैत्रिणी खूप हसल्या. एक म्हणाली, "अट घालून कामाला राहिली, आणि आपण?" त्या रात्री शेकोटीभोवती त्याच विषयावर बोलणे झाले. कोणत्या घरी काय काम ठरले होते आणि प्रत्यक्षात काय करावे लागते याची यादी निघाली. संघटनेच्या बैठकीत दोन वर्षे मागूनही ती यादी आम्हाला मिळाली नव्हती.

आणखी एक सांगते. तिसऱ्या दिवशी कुमशेतला एक ताई सकाळी सात वाजेपर्यंत झोपली. उठली तेव्हा घाबरली, मग रडायला लागली. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली, एवढ्या वर्षांत तिला कुणी उठवले नाही अशी ही पहिली सकाळ होती. डोंगरातल्या थंडीत, पातळ पांघरुणात, जमिनीवर तिला झोप लागली. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे मुंबईतल्या बायकांच्या उगाच भटकण्याच्या हक्कावर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक आले. कारण नसताना बाहेर असणे हाही हक्क आहे, हे त्यातले म्हणणे मला तेव्हा शहरी वाटले होते. कुमशेतच्या खाचरात ते नीट कळले.

पण मैत्रिणींनो, आपल्या मोकळेपणाची दुसरी बाजू न सांगता बसले तर ते खोटे होईल. आम्ही सातला उठलो, कारण दादांच्या घरची वहिनी चारला उठली होती. वीस माणसांच्या भाकऱ्या तिने थापल्या, पिठले केले, भांडी घासली. कळसूने नाकारलेलेच काम! पाणी ती विहिरीवरून डोक्यावर आणत होती. या पट्ट्यात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण जवळच आहे, आणि तरी उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्यांमधल्या बाया पाण्यासाठी पायपीट करतात. त्या पाण्याने आम्ही हात-पाय धुतले.

आमच्या हिशेबाच्या वहीत लिहिले होते: वाटाड्या, तंबूची जागा, जेवण. सगळी रक्कम दादांच्या हातात द्यायची. आमच्यातल्याच एकीने विचारले, "जेवणाचे पैसे त्यांना का?" मग वाद झाला. काहींचे म्हणणे, त्यांच्या घरात आपण कशाला पडायचे? काहींचे म्हणणे, सल्ला केंद्रात आपण रोज दुसऱ्यांच्या घरातच तर पडतो. शेवटी वहिनींनाच विचारले. त्या म्हणाल्या, "पैसं माझ्यासमोर मोजा. जेवणाचं किती, वाटेचं किती, त्ये बोलून दाखवा. मग कुनाकडं ठेवायचं त्ये आमचं आम्ही बघू."

तसेच केले. दादा थोडे गप्प झाले, पण रागावले नाहीत. वहिनींच्या घरात त्यानंतर काय बदलले, ते मी सांगू शकत नाही. आपल्या वहीत मात्र स्वयंपाक, पाणी आणि भांडी असे तीन रकाने आता वेगळे आहेत. चौथ्या दिवशी पाचनईत भांडी आम्ही पाळीपाळीने घासली.

म्हणून कार्यकारिणीला माझे उत्तर असे आहे. हे काम होते, आणि ते दरवर्षी व्हावे. त्यासाठी तीन गोष्टी मागते. घरकामगार मैत्रिणींच्या खाड्याची भरपाई सहलीच्या खर्चात धरावी, नाहीतर या वाटेवर फक्त पगारी कार्यकर्त्याच दिसतील. गळलेल्या आठ जणींकडे आधी जावे, त्यांची अडचण ऐकून मगच पुढची तारीख ठरवावी. आणि जिथे जाऊ तिथल्या बाईचे काम तिच्यासमोर मोजून तिचे दाम द्यावे.

खाली उतरल्यावर त्या अंगणवाडीच्या ताईने बाटलीभर पाणी एका दमात प्यायले आणि सगळ्यांसमोर विचारले, "आता कुठं जायचं?" एस. टी. स्थानकात जागा शोधायला अर्धा तास गेला. पुढच्या निवेदनाचा विषय तिथेच मिळाला.