‘पुट अप विथ’चें कोडें

काकांच्या घरीं राहून शिकलेला एखादा तरुण नोकरीच्या अर्जांत लिहितो, ‘आय हॅव पुट अप विथ माय अंकल फॉर थ्री इयर्स.’ तीन वर्षें काकांकडे बिऱ्हाड आहे, एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. वाचणारा इंग्रज मात्र समजतो, कीं या मुलानें काकांना तीन वर्षें कसेंबसें सोसलें. ज्यांच्या अन्नावर शिक्षण झालें, त्यांच्यावरच हा ठपका ! तेथें ‘लिव्ह’ हें साधें क्रियापद योजावें. (काकांनीं पुतण्याविषयीं तेंच वाक्य लिहिलें, तर तें कदाचित् अर्थानेंही बरोबर ठरेल.)

‘पुट’ म्हणजे ठेवणें, ‘अप’ म्हणजे वर, ‘विथ’ म्हणजे सह. यांची बेरीज करून सोसणें हा अर्थ निघत नाहीं. परकीयांना अशीं जोडक्रियापदें फार अवघड जातात, हें डॉ. जॉन्सन यांनीं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें आहे. मराठी माणसानें मात्र बिचकूं नये. ‘तो भलतेंच बोलून बसला’ असें आपण म्हणतों, तेव्हां बोलणारा बहुधा उभाच असतो !

या प्रयोगाला मराठींत जवळचा शब्द ‘खपवून घेणें’. पुत्रशोकासारख्या दुःखाला तो शोभत नाहीं. तेथें ‘बेअर’ किंवा ‘एन्ड्युअर’ हवें. गळकें छप्पर, खाणावळींतील पाणचट आमटी, शेजाऱ्याची पहांटेची पेटी, हा याचा खरा प्रांत. नाराजी त्यांत गृहीतच असते. म्हणून यजमानाला ‘आपलें जेवण मी पुट अप विथ करीन’ अशा आशयाचें लिहिणें म्हणजे उघड अपमान.

मुक्कामाचा अर्थ ‘विथ’वांचून येतो. ‘पुट अप ॲट अ हॉटेल’ म्हणजे हॉटेलांत उतरणें. आपल्याकडे कायमचा पत्ता विचारतांनाही ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ म्हणतात; इंग्रजाला तो चार दिवसांचा मुक्काम वाटतो.

रचनेंतही भेद आहे. पाहुण्याला ठेवून घेणें या अर्थीं ‘पुट अप अ गेस्ट’ आणि ‘पुट अ गेस्ट अप’ दोन्ही चालतात. सर्वनाम आलें, कीं मात्र ‘पुट हिम अप’ असेंच म्हणावें लागतें. सोसण्याच्या अर्थीं तिन्ही शब्द एकत्र राहतात आणि कर्म ‘विथ’च्या पुढेंच येतें: ‘पुट अप विथ हिम.’