किनारपट्टीवरील जैवइंधन : शक्यता आणि मर्यादा



राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव जैतापूरच्या खाडीमुखाजवळ वसले आहे. यशवंतगड, साखरीनाट्याचे मासळी बंदर आणि त्यांच्या मागे पसरलेले जांभ्याचे सडे असा हा परिसर. ऊर्जेची चर्चा येथे नवी नाही. जवळच माडबन येथे अणुऊर्जा प्रकल्प योजिलेला आहे. याच तालुक्यातील नाणार व बारसू ही गावे तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या निमित्ताने राज्यभर ठाऊक झाली. मच्छीमाराच्या लेखी मात्र ऊर्जा म्हणजे डिझेल. त्यावरील मूल्यवर्धित कराची सवलत शासन मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत देते. तरीही ट्रॉलरच्या एकेका फेरीत शेकडो लिटर डिझेल जळते आणि मासळी मिळो वा न मिळो, त्याचे पैसे चुकते करावेच लागतात. म्हणूनच जैवइंधनाचा विचार येथे निव्वळ कुतूहलाचा राहत नाही.

वनस्पतिजन्य तेलावर इंजिन चालविण्याची कल्पना जुनी आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. कोकणाला तर अखाद्य तेलाची ओळख त्याही आधीपासूनची. वीज येण्यापूर्वी घरोघरच्या दिव्यांत उंडीचे आणि करंजाचे कडू तेल जळत असे. उंडी हे समुद्रकाठचे झाड. खारा वारा आणि रेताड जमीन त्याला मानवते. त्याचे लाकूड होड्या बांधण्यास उपयोगी पडते. शेतजमीन न अडविता वाढणारे हे तेलबियांचे झाड आहे, आणि जैवइंधनाच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण होय.

असे तेल जसेच्या तसे इंजिनात घालणे मात्र योग्य नाही. ते दाट असते, नीट फवारले जात नाही आणि आत काजळी धरते. म्हणून त्यावर मिथेनॉल व अल्कली यांची प्रक्रिया करतात. शंभर किलो तेलाला सुमारे दहा किलो मिथेनॉल लागते. त्यातून जवळजवळ शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळते. उंडीच्या तेलात मुक्त आम्ले अधिक असल्याने त्यावर आधी आम्लाची एक प्रक्रिया करून घ्यावी लागते, अन्यथा बायोडिझेलऐवजी साबणच हाती यायचा! उरलेली पेंड गुरांना चालत नाही, शेताला खत म्हणून चालते.

या इंधनात गंधक जवळजवळ नसते. धूर कमी होतो. डिझेलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळल्यास इंजिनात सहसा मोठा फेरफार करावा लागत नाही. परंतु नौकेवर काही अडचणी अधिक जाणवतात. बायोडिझेल हवेतील ओल शोषून घेते आणि ते फार दिवस साठून राहिले तर टाकीत सूक्ष्म जंतू वाढतात. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ ते सोडविते व तो फिल्टरमध्ये अडकतो. जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. खोल समुद्रात इंजिन बंद पडणे म्हणजे काय, हे नाट्याच्या तांडेलाला कोणी सांगायला नको. तेव्हा पावसाळी बंदीत टाकी साफ करणे, नळ्या बदलणे आणि मिश्रण ताजे वापरणे या गोष्टी ओघानेच आल्या.

आता हिशेब पाहू. उंडीचे चांगले वाढलेले झाड वर्षाला शंभर किलोपर्यंत फळे देते आणि त्यांतून सुमारे १८ किलो तेल निघू शकते. अशी शंभर झाडे धरली तरी वर्षाचे तेल दोन हजार लिटरच्या आतबाहेरच राहते. एका ट्रॉलरच्या काही फेऱ्या त्यावर होतील, संपूर्ण बंदराची गरज भागणार नाही. शिवाय रोप लावल्यापासून फळ धरेपर्यंत अनेक वर्षे जातात.

हा हिशेब आधी न केल्यास काय घडते, हे मोगली एरंडाच्या बाबतीत देशाने अनुभवले आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याच्या लागवडीवर भर दिला आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे लक्ष्य सुचविले. पडीक जमिनीत, पाण्यावाचून भरघोस बी येईल, असा प्रचार झाला. झाड जगले, पण पाण्याखताविना बी बेताचेच आले. लक्ष्य दूरच राहिले. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने बायोडिझेलसाठी २०३० पर्यंत पाच टक्के एवढेच लक्ष्य ठेवले.

इथेनॉलची कथा वेगळी. पेट्रोलमध्ये दहा टक्के मिश्रण देशाने २०२२ साली गाठले आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोहोचले. त्यामुळे महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना उत्पन्नाचे दुसरे साधन मिळाले. एक टन मळीपासून दोनशे लिटरांहून अधिक इथेनॉल मिळते. मळी हा उपपदार्थ असल्याने तिच्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. उसाचा रस थेट इथेनॉलकडे वळविला की प्रश्न बदलतो, कारण ऊस पाणी पितो आणि पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या उत्पादनाची चिंता निर्माण होताच केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आणले, ते पुढील हंगामासाठी उठविले. शिवाय लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच भरते.

कोकणात ऊस फारसा नाही, पण वाया जाणारा माल पुष्कळ आहे. काजूचे बोंड बीच्या कित्येक पट वजनाचे असते आणि बरेचसे बागेतच कुजते. त्यातील साखर आंबविता येते, मात्र हंगाम थोडक्या दिवसांचा आणि बोंड टिकाऊ नाही. बंदरावरील मासळीची डोकी व आतडी यांपासून बायोगॅस होऊ शकतो. मात्र एकट्या मासळीत नत्राचे प्रमाण अधिक असल्याने अमोनिया वाढून जिवाणूंचे काम मंदावते, आणि मिठाचे पाणीही त्यांना मानवत नाही. म्हणून शेण, पेंढा वा भाजीपाल्याचा कचरा त्यात मिसळावा लागतो. सुमारे २५ किलो शेणापासून दिवसाला एक घनमीटर वायू मिळतो. मोकळ्या चरणाऱ्या कोकणी गुरांचे शेण मात्र रानात विखुरते. साखरीनाट्याला असा संयंत्र उभारायचा झाल्यास, जवळच्या कोणत्या वाडीत गुरे गोठ्यात बांधली जातात आणि तेथून बंदरापर्यंत रोज शेण कोण आणणार, याची नोंद प्रथम करावी लागेल.