क्रूझवर निघण्यापूर्वी

क्रूझच्या तिकिटात ‘सगळं समाविष्ट’ असलं, तरी स्पा आणि किनाऱ्यावरच्या सहलींचे पैसे बऱ्याचदा वेगळे पडतात. यादी आधीच वाचा. ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन पुन्हा ग्रीसला येणार असाल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. बोट लागत असेल, तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घ्या. तिथं हेलकावे कमी जाणवतात. मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा पोहोचतात, म्हणून औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. समुद्रात मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर उपग्रहामार्फत होणाऱ्या रोमिंगचं बिल पाहून डोळे पांढरे होतील. सुरक्षा कवायत सक्तीची असते, ती चुकवू नका. बंदरावर स्वतःहून भटकायला गेलात, तर जहाजाच्या घड्याळाप्रमाणे परता. उशीर करणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही.